ऊसतोडीवरचा शोधनिबंध कुठल्या खणात टाकायचा? (जेईएल कोड आणि आपलं संशोधन)

माणदेशी
नमस्कार मंडळी. मी अर्थशास्त्रात पीएचडी करतोय. विषय आहे ऊसतोड कामगारांची उचल आणि मजुरी. पहिला शोधनिबंध एका इंग्रजी नियतकालिकाकडे पाठवायचा आहे. तिथे सारांशाच्या खाली 'जेईएल कोड' असा रकाना असतो. किमान दोन द्या, पाचाच्या वर नको, असं लिहिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर'ची ही वर्गवारी. एक अक्षर आणि दोन आकडे. 'क्यू' म्हणजे शेती, नैसर्गिक संसाधनं आणि पर्यावरण. क्यू-१ म्हणजे शेती. क्यू-१३ म्हणजे शेतमालाचे बाजार, सहकारी संस्था वगैरे. 'जे' म्हणजे श्रम आणि लोकसंख्या, 'ओ' म्हणजे विकास, 'एन' म्हणजे आर्थिक इतिहास. जगभरातले अर्थशास्त्राचे लेख याच खणांत पडतात.

माझा लेख मात्र एका खणात मावत नाही. कारखाना सहकारी, पीक ऊस, कामगार स्थलांतरित, मजुरी टनावर, मजुरीआधी मुकादमाची उचल, आणि मोजणीचं एकक 'कोयता' म्हणजे नवरा-बायको मिळून एक. सगळे कोड लिहायचे तर डझनभर होतात. माझे मार्गदर्शक म्हणतात, "क्यू-१३ टाक आणि मोकळा हो." मला ते पटत नाही. तुम्ही कोड कसे निवडता? आणि या कोडांना खरंच काही अर्थ उरलाय का?

चकली
वाचतेय. विषय कोरडा वाटला होता, पण 'कोयता' वाचून थांबले.

पायथनवाला
स्पष्ट सांगतो, काही अर्थ उरलेला नाही. आता सगळा मजकूर शोधता येतो. शोधयंत्रात शब्द टाकला की लेख समोर. कोड ही कार्डांच्या कपाटांच्या काळातली गोष्ट आहे. कुठलेही तीन टाका आणि पाठवा.

दशमान
@पायथनवाला, तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि बऱ्याच लेखांचं परीक्षण केलं, त्यावरून सांगतो. कोड वाचकासाठी असतो हे अर्धंच खरं. तो आधी संपादकासाठी असतो. संपादक कोड बघून परीक्षक शोधतो. परिषदांची सत्रं त्यावर लागतात. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या नोकरीच्या जाहिरातींतसुद्धा हेच कोड असतात. तुमचा लेख कुणाच्या टेबलावर जाणार हे त्या तीन अक्षरांवर ठरतं.

@माणदेशी, क्यू-१३ दिलात तर लेख शेतमाल बाजाराच्या जाणकाराकडे जाईल. तो विचारेल, उसाचा दर कुठे आहे? साखरेचा उतारा कुठे आहे? गाळपाचा हिशेब का दिला नाही? तुमचा प्रश्न तो नाहीच. उलट जे-४७ दिलात, म्हणजे सक्तीचे श्रमबाजार, तर लेख वेठबिगारी आणि कर्जबांधील मजुरीवर काम केलेल्या माणसाकडे जाईल. तो उचलीवर बोलेल.

म्हणून माझा नियम साधा आहे. लेखात काय काय आलंय ते विसरा. लेख काय सिद्ध करतो ते एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्याला कोड द्या. पीक, जिल्हा, कारखाना ही लेखाची जागा झाली. कोड दाव्याला द्यायचा.

कपाटकिल्ली
मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे हा धागा माझ्या घरचाच.

दशमान सरांचा नियम कोडासाठी उत्तम, पण मूळ अडचण कोडाची नाही, झाडासारख्या वर्गवारीची आहे. फांदी एकच निवडावी लागते. आमच्या ग्रंथालयात ड्यूईची दशांश पद्धत आहे. ऊस लावायचं पुस्तक ६३३.६१ ला, म्हणजे पिकांत. साखर बनवायचं ६६४ ला, तंत्रज्ञानात. सहकारी संस्थांचं ३३४ ला. कामगारांचं ३३१ ला. एकाच साखर कारखान्यावर वाचायला आलेल्या विद्यार्थ्याला मी दोन दालनांतून चार कपाटांकडे नेते. एका मुलीला प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याबद्दल हवं होतं. ३३४ मध्ये धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील भेटले, पण ऊस तोडणारा माणूस तिथे नव्हता. तो ३३१ मध्ये, दुसऱ्या टोकाला.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी नेमकी हीच अडचण ओळखली होती. लंडनच्या एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. तेच सुटे भाग वेगवेगळे जोडून वेगवेगळी वस्तू. त्यावरून त्यांना द्विबिंदू वर्गीकरण सुचलं. पहिली आवृत्ती १९३३ ची. त्यात विषय आधीच कापून ठेवलेला नसतो. कशाबद्दल, कुठला पदार्थ, कुठली क्रिया, कुठे, कधी, असे पैलू वेगळे काढायचे आणि जोडायचे. अर्थशास्त्राला त्यांनी 'एक्स' हे अक्षर दिलं. माणदेशींचा लेख तिथे सरळ बसतो: श्रम, मजुरी, ऊसतोड, महाराष्ट्र, आजचा काळ. काही तोडावं लागत नाही.

चकली
म्हणजे जेईएलमध्ये 'एक्स' रिकामं आणि रंगनाथनांकडे 'एक्स' म्हणजेच अर्थशास्त्र! जेईएलमध्ये एस ते एक्स अशी ओळीने सहा अक्षरं मोकळी दिसली मला. एखादं आपल्याकडे द्या म्हणावं.

हिमवाट
@चकली :) खरंच मोकळी आहेत. 'आर' नंतर एकदम 'वाय', म्हणजे संकीर्ण, आणि मग 'झेड', म्हणजे इतर विशेष विषय. संस्कृती, क्रीडा, पर्यटन यांचं अर्थशास्त्र 'झेड'मध्ये आहे.

मी जर्मनीत असते. इथे कील आणि हॅम्बुर्गला अर्थशास्त्राचं मोठं केंद्रीय ग्रंथालय आहे, झेडबीडब्ल्यू. त्यांनी कोडांऐवजी शब्दकोशाची वाट धरली. 'एसटीडब्ल्यू' नावाचा विषयशब्दांचा कोश आहे, जर्मन आणि इंग्रजीत, सुमारे सहा हजार विषयशब्दांचा. प्रत्येक शब्दाला त्याच्याहून व्यापक शब्द, त्याच्याहून नेमका शब्द आणि शेजारचा शब्द जोडलेला. लेखाला हवे तेवढे शब्द लावता येतात. हंगामी मजूर, स्थलांतर, साखर उद्योग, आगाऊ रक्कम असे चार शब्द सोबत नांदू शकतात. मला ही पद्धत जेईएलपेक्षा जास्त पटते.

पायथनवाला
शब्दकोश सांभाळायला माणसं लागतात, पैसा लागतो. शोधयंत्र फुकट आहे. मुद्दा कायम.

कपाटकिल्ली
@पायथनवाला, तुमच्याशी या एका बाबतीत मी जोरात भांडणार आहे.

शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे अर्थशास्त्राचे कितीतरी मराठी प्रबंध आहेत. त्यातला एखादा जुना उघडा आणि त्यातली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. युनिकोडपूर्व टंकात (फॉन्टमध्ये) टंकलेला असेल तर मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा येतो. पडद्यावर 'ऊसतोड कामगार' स्वच्छ दिसतं, पण यंत्राला ते शब्द दिसतच नाहीत. काही प्रबंध तर स्कॅन केलेली नुसती चित्रं आहेत. अशा चारशे पानांच्या प्रबंधापर्यंत पोचायला एकच दार असतं: नोंदीतलं शीर्षक आणि विषयशब्द. तिथे 'अर्थशास्त्र' एवढंच लिहिलेलं असलं की तो प्रबंध असून नसल्यासारखा.

युनिकोड असला तरी 'ऊसतोड', 'उसतोड', 'ऊस तोडणी', 'ऊसतोडणी मजूर' हे चार वेगळे शोध आहेत. इंग्रजीत 'कोयता' हा शब्द तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला मी पाहिलाय. जे-६१, म्हणजे कामगारांचं स्थलांतर, हा कोड मात्र मराठी, जर्मन, पोर्तुगीज लेखावर सारखाच. मला कोडांबद्दल आस्था आहे ती एवढ्यासाठी.

पायथनवाला
चिकटवून पाहिलं. खरंच चिवडा आला. जुन्या मराठी प्रबंधांपुरता मुद्दा मान्य. नव्या इंग्रजी लेखांपुरता माझा आक्षेप उभा आहे.

गोदाकाठ
मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांबरोबर काम करतो. वर कुणीतरी जे-४७, सक्तीचे श्रमबाजार, असं लिहिलंय. तिथे थांबलो.

उचल कशी असते ते सांगतो, मग कोड ठरवा. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादम गावात येतो. कारखान्याकडून घेतलेल्या पैशातून कोयत्यामागे रक्कम देतो. माणूस एकटा असेल तर अर्धा कोयता, म्हणून रक्कम निम्मी. त्या रकमेत घराचं देणं, दवाखाना, लग्न भागतं. मग टोळी ट्रकने निघते. फडाजवळ कोप्या पडतात. तोड टनावर, पण टनाचे पैसे हातात येत नाहीत, उचलीतून वळते होतात. आजारपणात काम चुकलं तर खाडा, म्हणजे मजुरी गेलीच, वर दंड. हंगाम संपेपर्यंत उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. हिशेबाची वही मुकादमाकडे. बाईने तितकाच ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून गाडीत चढवल्या, पण वहीत नाव नवऱ्याचं.

याला तुमच्यात काय म्हणतात?

दशमान
@गोदाकाठ, तुमच्या एका परिच्छेदात चार कोड आहेत. उचल आणि बाकी: जे-४१ श्रमकरार, किंवा जे-४७ सक्ती. टनावरची मजुरी: जे-३३, मोबदल्याच्या पद्धती. वहीत बाईचं नाव नाही: डी-१३, म्हणजे घरातलं उत्पादन आणि घराच्या आत होणारी वाटणी. खाडा आणि आजारपण: जे-८१, कामाची परिस्थिती. बीडच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, त्यावर कुणी लिहिलं तर आय-१४ म्हणजे आरोग्य आणि विषमता, शिवाय जे-१६ म्हणजे लिंगभावाचं अर्थशास्त्र.

खरा वाद जे-४१ की जे-४७ हा आहे. करार म्हटलं तर दोघांनी राजीखुशीने केलेला व्यवहार. सक्ती म्हटलं तर कर्जाने बांधलेला माणूस. अमित भादुरी यांनी १९७३ मध्ये कर्ज आणि जमिनीचा खंड एकाच मालकाकडे असले की शेतीचं काय होतं यावर मांडणी केली. तेव्हापासून हा वाद भारतीय शेतीच्या अर्थशास्त्रात जिवंत आहे. कोड निवडताना तुम्ही त्या वादात बाजू घेता. दोन्ही कोड दिलेत तर निदान वाद उघडा राहतो.

माणदेशी
सर, माझ्याकडची आकडेवारी दाखवते की ज्यांची मागची बाकी राहिलेली असते ते मुकादम बदलू शकत नाहीत आणि त्यांना टनामागे कमी मिळतं. म्हणजे जे-४७ कडेच झुकतं. पण हा शब्द वापरला की परीक्षक म्हणेल, "साखळदंड कुठे आहेत?"

गोदाकाठ
साखळदंड लागत नाहीत. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा वाचा. आगाऊ रकमेच्या बदल्यात काम, आणि दुसरीकडे काम करायची मोकळीक नाही, एवढं कायद्याला पुरतं. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करायला लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरी. न्यायालय म्हणू शकतं तर तुमचं नियतकालिक का नाही?

दशमान
+१. हे दोन दाखले लेखाच्या प्रस्तावनेत येऊ द्या. जे-४७ निर्धास्त द्या.

अणुरेणू
भौतिकशास्त्रातून डोकावतोय. आमच्याकडे 'पॅक्स' नावाची अशीच आकड्यांची वर्गवारी होती, कितीतरी वर्षं प्रत्येक लेखावर ते आकडे असायचे. ती बंद पडली. अमेरिकन फिजिकल सोसायटीने २०१६ पासून 'फिश' आणली. त्यात एकच झाड नाही. संशोधनक्षेत्र, भौतिक प्रणाली, तंत्र असे पैलू वेगळे, लेखक त्यातून जोडणी करतो. कपाटकिल्ली ताईंनी वर रंगनाथनांचं सांगितलं तेव्हा लक्षात आलं, आमच्या नव्या पद्धतीचं घराणं तेच आहे!

कपाटकिल्ली
@अणुरेणू, वा! उद्या ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हे सांगणार.

नीरक्षीर
एक वेगळा मुद्दा. या वर्गवारीत जग अमेरिकेतून दिसतं, हे कुणी बोललं नाही.

'एन' बघा, आर्थिक इतिहास. शेवटचा आकडा प्रदेशाचा. अमेरिका-कॅनडा: १९१३ पूर्वी एक आकडा, नंतर दुसरा. युरोप: तसेच दोन. आशिया: पाच, एकच, आणि त्यातच मध्यपूर्व. मुघल काळातला महसूल, पेशवाईतली सावकारी, जपानची रेल्वे आणि इराणचं तेल यांच्या शेवटी तोच पाच. १९१३ ही सीमारेषा त्यांच्यासाठी महत्त्वाची असेल, आपली १९४७ कुठे आहे?

दुसरं, जात. शीर्षकांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. वंश, अल्पसंख्याक, मूलनिवासी, स्थलांतरित हे जे-१५ मध्ये आहे. सामाजिक स्तररचना झेड-१३ मध्ये. जात हा शब्द शीर्षकांत नाही. जातीवर काम करणारा भारतीय संशोधक जे-१५ देतो, म्हणजे आपला लेख अमेरिकेतल्या वंशभेदाच्या लेखांशेजारी ठेवतो. तुलना उपयोगी असते, पण खण आपला नसतो.

आणि सहकार! पी-१३, सहकारी उद्योग. तो आहे पी-१ खाली, म्हणजे भांडवलशाही व्यवस्थेखाली. सहकार चळवळीतल्या वैकुंठभाई मेहतांना हे दाखवलं असतं तर काय म्हणाले असते?

दशमान
@नीरक्षीर, 'एन'चं निरीक्षण एकदम बरोबर. जातीच्या बाबतीत मात्र माझं मत वेगळं आहे. वेगळा खण मिळाला की विषयाला मान मिळतो असं नाही, कधीकधी तो कोपऱ्यात ढकलला जातो. जातीवरचा लेख श्रमबाजारातल्या भेदभावाचा असेल तर जे-७१ ला गेला पाहिजे, पतपुरवठ्याचा असेल तर जी-२१ ला, म्हणजे तिथल्या लोकांना तो टाळता येणार नाही.

डॉ. आंबेडकरांचंच उदाहरण घ्या. रुपयाच्या प्रश्नावरचं १९२३ चं पुस्तक आज वर्गीकृत करायचं तर ई-४२, चलनव्यवस्था, आणि एफ-३१, परकीय चलन. प्रांतिक वित्तावरचं १९२५ चं एच-७७, केंद्र-प्रांत आर्थिक संबंध. लहान शेतजमिनींवरचा १९१८ चा लेख क्यू-१५, जमिनीची मालकी. हे सगळं 'जात' किंवा 'व्यक्ती' या खणात टाकलं की चलनाच्या विद्यार्थ्याला ते दिसत नाही. आपल्याकडे बरोबर हेच झालंय. अर्थशास्त्राचे किती विद्यार्थी हे ग्रंथ चलनाच्या तासाला वाचतात?

नीरक्षीर
सर, आंबेडकरांबद्दल शंभर टक्के सहमत. जातीच्या खणाबद्दल नाही. लिंगभावाला जे-१६ मिळाला म्हणून स्त्रियांवरचं काम कोपऱ्यात गेलं का? उलट आज ते काम एका जागी सापडतं, आणि श्रमाच्या, आरोग्याच्या कोडांबरोबरही लावता येतं. दोन्ही हवं. खण हवा आणि बाहेर जायची वाटही हवी.

हिमवाट
या वर्गवारीचा इतिहास वाचण्यासारखा आहे. बिआट्रीस शेरिए यांनी २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर'मध्येच तो लिहिलाय. आजची अक्षरांची पद्धत १९९१ ची, त्याआधी नुसते आकडे होते. प्रत्येक फेररचनेच्या वेळी भांडणं झाली: सिद्धांत वेगळा ठेवायचा की प्रत्येक विषयात मिसळायचा, कुठली शाखा वर, कुठली खाली. त्यामुळे ही यादी दगडावरची रेघ नाही. 'पी'चं शीर्षक अलीकडेच बदलून त्यात राजकीय अर्थशास्त्र आलं. मागणी केली तर बदल होतो. भारतातल्या अर्थशास्त्रज्ञांनी मिळून जातीचा कोड मागायला काहीच हरकत नाही.

सूतगिरणी
रीपेक, म्हणजे अर्थशास्त्राच्या लेखांची खुली ऑनलाइन सूची, कुणी वापरतं का? १९९७ पासून चालू आहे, स्वयंसेवकांच्या बळावर. त्यातला 'नेप' हा भाग मला फार आवडतो. नवे कार्यनिबंध (नियतकालिकात छापून येण्याआधीचे मसुदे) आले की त्या त्या विषयाचा संपादक स्वतः चाळतो आणि आपल्या विषयाचे निवडून ईमेलने पाठवतो. शेतीचा वेगळा, स्थलांतराचा वेगळा, विकासाचा वेगळा. एकच निबंध तिन्हींत येऊ शकतो. कोड चुकीचा असला तरी माणसाची नजर सापडवते. माणदेशी, निबंधाचा कार्यनिबंध रीपेकवर येईल असं बघा. फुकट आहे.

पायथनवाला
हे मला पटलं. माणूस निवडतो आणि निबंध तीन ठिकाणी जातो, हीच माझ्या मते बरोबर रचना.

आजोळ
खानदेशातून बारडोलीकडे जाणाऱ्या ऊसतोड्यांवर डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात लिहिलंय. माणदेशी, तुमच्या संदर्भांत ते आहे ना? आमच्या गावचे लोक तिकडेच जायचे, म्हणून आठवलं. दक्षिण गुजरातेतले ते कारखानेही सहकारीच.

माणदेशी
@आजोळ, आहे. आणि गंमत बघा, तो १९७८ चा लेख मला कुठल्याही कोडावरून सापडला नव्हता, दुसऱ्या एका लेखाच्या तळटीपेतून सापडला.

सगळ्यांचे मनापासून आभार. दशमान सरांच्या सांगण्याप्रमाणे दावा एका वाक्यात लिहिला: "मागची बाकी कामगाराला मुकादमाशी बांधते आणि त्याची मजुरी कमी करते, कोयता हे एकक बाईची मजुरी दिसेनाशी करते." त्यावरून कोड ठरवले: जे-४७, जे-४३ (शेतमजुरांचा बाजार), जे-६१, डी-१३, ओ-१५ (विकासातलं मनुष्यबळ आणि स्थलांतर). क्यू-१३ काढला. मार्गदर्शकांशी आज बोललो, त्यांनी अट घातली की सहकारी कारखान्याचा संदर्भ शीर्षकात असावा. ते योग्यच आहे, शीर्षकात घेतलाय.

दशमान
छान निवड. फक्त क्रम बघा. काही संपादक पहिल्या कोडालाच मुख्य धरतात. जे-४७ पहिला.

कपाटकिल्ली
आणि विषयशब्दांत 'उचल', 'कोयता', 'मुकादम' हे शब्द आहेत ना? इंग्रजी नियतकालिक असलं तरी रोमन लिपीत घाला, कंसात अर्थ द्या. प्रबंध सादर कराल तेव्हा शोधगंगेच्या नोंदीत हेच शब्द देवनागरीतही भरायला सांगा, 'ऊसतोड' आणि 'ऊस तोडणी' दोन्ही. सोबत हेच पाच कोड लिहा. रकाना नसेल तर सारांशाच्या शेवटी लिहा, तिथे कुणी अडवत नाही.

माणदेशी
हो ताई, नोंद केली. प्रबंध युनिकोडमध्येच टंकतोय.

रोहयो_अभ्यासक
उशिरा आले, पण माझा प्रश्न याच जातीचा आहे. रोजगार हमीवर लिहितेय: १९७२ च्या दुष्काळातली कामं, १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा, मग केंद्राचा २००५ चा कायदा. आय-३८ देऊ की जे-६८?

दशमान
गरिबी किती हटली हा प्रश्न असेल तर आय-३८ पहिला. बेरोजगारीवरचं सरकारी धोरण हा प्रश्न असेल तर जे-६८. खर्चाचा हिशेब मांडणार असाल तर एच-५३. आणि १९७२ ते १९७७ हा काळच लेखाचा गाभा असेल तर एन-३५ जोडा, आर्थिक इतिहासवाले रोजगार हमीवर फारसे येत नाहीत, त्यांना यायला लावा. दावा काय आहे तुमचा?

रोहयो_अभ्यासक
केंद्राच्या कायद्यातल्या कुठल्या तरतुदी महाराष्ट्राच्या कायद्यातून आल्या आणि कुठल्या वाटेत गळल्या.

दशमान
मग वरच्या सगळ्यांआधी के-३१ बघा, कामगार कायदा. त्याच्या जोडीला एच-५३.